जीपची पकड : आतली आणि खालची

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की तालुक्याच्या गावी गॅरेजपुढच्या लिंबाखाली जमणाऱ्या जीपवाल्यांच्या बोलण्यात दोन विषय हटकून येतात. पहिला विषय गाडीच्या आतल्या कुजण्याचा. तळाचा पत्रा गंजला, गाद्या फाटल्या, वायरिंग उंदरांनी खाल्ले, आता काय करावे? दुसरा विषय चिखलाचा. फोर व्हील असूनही गाडी काळ्या रानात रुतली आणि एकच चाक जागच्या जागी फिरत बसले, हे कसे?

कोणाजवळ जुनी कमांडर असते, कोणाजवळ बोलेरो, कोणाजवळ जिप्सी, थार किंवा गुरखा. मळ्यातून दूध आणायचे, कांद्याच्या गोण्या बाजाराला न्यायच्या, पोरांना शाळेत सोडायचे आणि रात्री-अपरात्री घरच्या बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवायचे, ही सगळी कामे हीच गाडी करते. म्हणून या गप्पा निव्वळ हौसेच्या नाहीत. गाडीने वेळेला दगा दिला तर माणसाच्या जिवावर बेतते.

वरवर पाहता हे दोन विषय वेगळे वाटतात. एक सुताराच्या, शिंप्याच्या जातीचा, तर दुसरा लोहाराच्या. पण दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पकड. गाडीचा तळ आणि गादी माणसाला धरून ठेवतात. मागच्या आसातला गोळा गाडीला जमिनीशी धरून ठेवतो. या दोन पकडी शाबूत असतील तर बाकीचा थाट नंतर पाहता येतो.

जीप शेतावर आली कशी?

जीप जन्मली लढाईसाठी. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली अमेरिकन सैन्याने विलीस-ओव्हरलँड या कंपनीकडून ती करून घेतली. पुढे फोर्डनेही त्याच नमुन्याच्या गाड्या केल्या. लढाई संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनविल्या. १९४५ साली विलीसने मुलकी वापराची जीप काढली, ती मुख्यतः शेतकऱ्यांना डोळ्यापुढे ठेवूनच. नांगर ओढणारी आणि पट्टा लावून यंत्र फिरविणारी गाडी म्हणून तिची जाहिरात होत असे.

आपल्याकडे महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून जीप महाराष्ट्राच्या खेड्यात मुरली. तिचा सांगाडा इतका साधा, की गावचा मिस्त्रीसुद्धा ती खोलून पुन्हा उभी करतो. हाच तिचा मोठा गुण. पण साधी गाडी आहे म्हणून कशीही दुरुस्त केली तरी चालते, हा मात्र गैरसमज आहे.

आधी पाणी अडवा, मग पत्रा बदला

बहुतेक मालक आतले काम काढतात ते गादीपासून. लालभडक रेक्झिन, वर पांढरी किनार, खाली जाड गालिचा. गाडी नव्या नवरीसारखी दिसते. दोन पावसाळे गेले की गालिच्याखाली पत्र्याची चाळण झालेली असते. वरून कीर्तन, आतून तमाशा, अशातली ही गत.

कामाचा क्रम असा असावा : प्रथम पाणी कुठून येते ते शोधावे, मग तळाचा पत्रा, मग वायरिंग, त्यानंतर गाद्या आणि सर्वांत शेवटी रंग.

पाणी शोधण्याची युक्ती सोपी आहे. गाडी कोरडी असताना तळावर सगळीकडे राखेचा पातळ थर पसरावा आणि बाहेरून पाच-दहा मिनिटे नळीने पाणी मारावे. राख जिथे भिजेल तिथे वाट आहे. पुढच्या काचेचे रबर, हुडाची शिवण आणि दाराच्या खालची कड ही नेहमीची गळतीची ठिकाणे. तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात किंवा कोणीतरी डांबर घालून बंद करतो. ती मोकळी ठेवावीत.

पाण्याइतकाच दुसरा शत्रू म्हणजे खत. पोटॅश किंवा अमोनियम सल्फेटची फाटकी गोणी एकदा गाडीत सांडली, की ते दाणे हवेतली ओल ओढून घेतात आणि पत्रा खात राहतात. कोकणात मासळीच्या टोपल्यांतून ठिबकणारे खारे पाणी हेच काम करते. असे काही सांडल्यास झाडून भागत नाही. त्याच दिवशी गोड्या पाण्याने तळ धुवावा, दारे उघडी ठेवून वाळवावा. खताच्या गोणीखाली ताडपत्री अंथरण्याची सवय लावली तर हा प्रसंगच येत नाही.

तळाचा पत्रा म्हणजे जिवाची बैठक

तळ तपासायचा तर मॅट उचलून, जुन्या पेचकसाच्या टोकाने पत्रा टोचून पाहावा. टणक आवाज आला तर पत्रा चांगला. टोक आत घुसले किंवा पापुद्रे निघाले तर पत्रा गेला. गादीचे बोल्ट आणि सीट-बेल्टचे बोल्ट जिथे बसतात ती जागा विशेष काळजीने पाहावी. ह्याचे कारण उघड आहे. गाडी कशाला तरी धडकली, तर माणसाचा सगळा भार त्या चार-सहा बोल्टांवर येतो. बोल्ट पोलादी असला तरी तो गंजक्या पत्र्यात बसविला असेल, तर पत्र्यासकट उपटून येतो. मग गादीही जाते, पट्टाही जातो आणि माणूसही.

तळाच्या भोकांतून आणखी एक संकट आत येते. इंजिनाचा धूर खालून जातो आणि सायलेन्सरचा सांधा फुटलेला असेल तर तो भोकांतून आत शिरतो. गाडीचा मागचा पडदा उघडा असेल तर चालत्या गाडीमागे हवेचा भोवरा होऊन धूर मागूनही आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. मागे बसलेल्या लेकरांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले किंवा पेंग येऊ लागली, तर घाटाच्या वळणांना दोष देण्याआधी गाडी थांबवून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि सायलेन्सर पाहावा.

पत्रा बदलताना नुसते ठिगळ मारू नये. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा, १६ किंवा १८ गेजचा नवा पत्रा बसवावा, दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड मारावे आणि सांध्यात लांबी भरावी. बोल्टांच्या खाली रुंद पोलादी पट्टी द्यावी, म्हणजे भार मोठ्या जागेवर वाटला जातो.

आणि एक धोक्याची सूचना. जुन्या विलीस नमुन्याच्या जीपमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या गादीखालीच असते. नेमका तिथलाच पत्रा गंजतो आणि तिथेच वेल्डिंग करायचे असते. टाकी तशीच ठेवून, वर ओले पोते टाकून वेल्डिंग करणारे महाभाग आहेत. असे कदापि करू देऊ नये. टाकी काढून लांब ठेवावी. पेट्रोलची रिकामी टाकी भरल्या टाकीपेक्षाही घातक असते, कारण तिच्यात वाफ असते. बॅटरीची तारही आधी सोडावी.

तारा आणि गाद्या

सुगी संपली, की रानातले उंदीर वस्तीकडे वळतात. उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागची ऊब त्यांना आवडते. तार उघडी पडली की पत्र्याला टेकते आणि फ्यूज उडतो. अशा वेळी मिस्त्री जवळ नसेल तर कोणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो, कोणी जाड तार घालतो. फ्यूज हा घरच्या राखणदार कुत्र्यासारखा आहे. तो भुंकला तर चोर शोधावा, कुत्र्याला गप्प करू नये. जिथे तार पत्र्यातून आरपार जाते तिथे रबराची कडी असलीच पाहिजे.

गादीचे काम घरच्या लक्ष्मीने मनावर घेतले तर निम्म्या खर्चात होते. रेक्झिन शिवताना टाका लांब घ्यावा. बारीक टाके जवळजवळ घातले तर सुईच्या भोकांची रांग पोस्टाच्या तिकिटासारखी होते आणि रेक्झिन तिथेच फाटते. घरच्या मशीनला १८ नंबरची सुई लावावी. आत नुसता मऊ फोम भरू नये. तो दोन महिन्यांत बसतो आणि पाणी शोषून धरतो. खाली रबर लावलेला काथ्या किंवा कडक फोम आणि वर थोडा मऊ थर, अशी गादी टिकते आणि कंबरही धरत नाही.

कीटकनाशकाचा डबा मात्र गादीवर किंवा माणसांच्या पायाशी कधी ठेवू नये. औषध फोममध्ये मुरले तर ते धुऊन निघत नाही. असा फोम फेकूनच द्यावा. जुना फोम बाळाच्या पाळण्यात घालण्याची काटकसर तर मुळीच करू नये.

एक चाक जागच्या जागी का फिरते?

आता गाडीच्या खाली वळू. मागच्या आसाच्या मध्यभागी जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात डिफरन्शियल असते. आपले मिस्त्री त्याला डिफ्रन्स म्हणतात. त्याचे काम समजायला खळे आठवावे.

खळ्याच्या मध्यभागी रोवलेल्या तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. आतला बैल लहान वर्तुळात फिरतो, बाहेरच्याला मोठा फेरा पडतो. दोघांनी एकाच वेगाने चालायचे ठरविले तर फिरणेच अशक्य. गाडीच्या चाकांचेही तसेच आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते. बैलगाडीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत मात्र चाकांनाच ओढायचे असते. म्हणून दोन्ही चाकांना ताकद तर द्यायची, पण त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरूही द्यायचे, अशी दातेरी चक्रांची रचना करावी लागली. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने ती सुमारे दोनशे वर्षांपूर्वी वाफेच्या गाडीसाठी शोधून काढली.

पण या युक्तीत एक खोट आहे. ती कळायला जू आठवावे. जू मधोमध बांधलेले असते. एका बाजूचा बैल ढिला पडला की जू त्या बाजूने मागे फिरते आणि दुसऱ्या बैलाने कितीही जोर केला तरी तो वाया जातो. साधे डिफरन्शियल म्हणजे असेच मोकळे फिरणारे जू. ते दोन्ही चाकांना नेहमी सारखीच ताकद देते. एक चाक चिखलात असून ते २० किलोचीच खेच सोसू शकत असेल, तर मुरुमावरच्या चांगल्या चाकालाही २० किलोच मिळते. एकूण ४० किलो. मुरुमावरचे चाक एकटे २०० किलो ओढू शकले असते, पण त्याला विचारतो कोण! इंजिनाची सगळी गती चिखलातल्या चाकाकडे जाते आणि ते गरगरत खड्डा खोल करते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा हा प्रकार.

लिंबाखाली हा संवाद नेहमी ऐकू येतो :

“मिस्त्री, माझी फोर व्हील टाकलेली होती. मग चार चाकं का नाही ओढली?”

“दादा, पुढच्या आसात एक गोळा, मागच्या आसात एक गोळा. पुढचं एक नि मागचं एक चाक सुटलं की झालं. फोर व्हील म्हणजे दोन आसांना जोर, चारी चाकांना नव्हे. आणि हब फिरवले होते का पुढचे?”

“हब? ते राहिलंच की!”

“मग तर तुमची पुढची चाकं नुसती पाहुणी होती.”

मिस्त्रींचे म्हणणे अगदी खरे आहे. ज्या गाड्यांना पुढे हाताने फिरवायचे हब आहेत, त्यांचे हब चिखलात शिरण्याआधी लॉक करावे लागतात. चिखलात गुडघाभर उभे राहून ते काम करण्याची हौस एकदाच भागते.

घसर रोखणारे डिफरन्शियल

या खोटीवर दोन उपाय आहेत. पहिला आपल्या ट्रॅक्टरला असतोच, तो म्हणजे टाचेजवळचा डिफ-लॉकचा पेडल. तो दाबला की दोन्ही चाके एकजीव होतात, जणू जू दांडीला आवळून बांधले. सरळ रेषेत असा जोर दुसऱ्या कशाला येत नाही. पण लॉक ठेवून वळू नये. चाके वळू देत नाहीत आणि आतल्या दात्यांवर नको तितका ताण येतो. चाक गरगरत असताना पेडल दाबू नये. आधी वेग कमी करावा.

दुसरा उपाय म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, बोलीत एलएसडी. हे जू पुरते बांधत नाही, तर त्याला एक आवळ देते. थोडे फिरू देते, फार फिरू देत नाही. १९३० च्या दशकात जर्मनीत शर्यतीच्या गाड्यांसाठी ही कल्पना पुढे आली, कारण इंजिने जोरदार झाली आणि एक चाक नुसते घसरू लागले. आज ती तीन-चार तऱ्हांनी करतात. एका तऱ्हेत क्लचसारख्या प्लेटा एकमेकींवर दाबलेल्या असतात. दुसरीत तिरक्या दात्यांची चक्रे एकमेकांत अडकून आवळ देतात.

हिशेब पुन्हा मांडू. समजा आपले एलएसडी चांगल्या चाकाला घसरत्या चाकाच्या अडीचपट ताकद देते. मग चिखलातले चाक २० किलो सोसत असेल तर मुरुमावरच्या चाकाला ५० मिळतात. एकूण ४० च्या जागी ७०. अनेकदा गाडी निघायला एवढा फरक पुरतो.

पण चाक अधांतरी लटकले असेल तर? शून्याच्या अडीचपट शून्यच. इथे एलएसडीही हात टेकते. अशा वेळी जाणते चालक हलकेच पायाचा ब्रेक दाबून धरतात आणि ॲक्सिलेटर देतात. समजा ब्रेकने प्रत्येक चाकावर ४० किलोचा अडसर घातला. आता लटकते चाक ४० चा विरोध करते, चांगल्या चाकाला १०० मिळतात, त्यातले त्याच्या ब्रेकने ४० खाल्ले तरी ६० उरतात. साध्या डिफरन्शियलला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण दोन्हीकडे सारखी ताकद आणि सारखाच ब्रेक. हाती काही उरत नाही. ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो म्हणून शेतात घसरत्या चाकाचा तेवढा ब्रेक दाबून आपण सुटू शकतो. रस्त्यावर मात्र ते दोन्ही पेडल एकत्र अडकवूनच ट्रॅक्टर चालवावा.

आपल्या गाडीत काय आहे?

जुन्या जीपा आणि जिप्सी बहुतांशी साध्या डिफरन्शियलच्या आहेत. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारच्या काही प्रतींत आणि २०२१ मध्ये आलेल्या बोलेरो निओच्या वरच्या प्रतीत मागच्या आसात आपोआप लॉक होणारे डिफरन्शियल मिळू लागले. एरवी ते साध्यासारखेच वागते. पण दोन चाकांच्या वेगात फार तफावत पडली की स्वतः लॉक होते. म्हणून त्या गाडीत चाक थोडे गरगरू द्यावे लागते. घाबरून लगेच पाय काढला तर ते लागत नाही. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीत पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांना चालकाने लावायचे लॉक असतात.

जुनी गाडी विकत घेताना “हिला एलएसडी आहे” असे कोणी म्हटले, तर सपाट कठीण जागेवर पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावे, मागचा आस भक्कम घोड्यांवर उचलून घ्यावा, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकावी आणि एक मागचे चाक हाताने फिरवावे. ते सहज फिरले आणि दुसरे उलट दिशेने फिरले, तर डिफरन्शियल साधे समजावे. प्लेटांचे एलएसडी असेल तर चाक फिरवायला बराच जोर लागतो. अगदी सैल फिरत असेल तर प्लेटा झिजून गेल्या आहेत. आपोआप लॉक होणारे मात्र या परीक्षेत साध्यासारखेच दिसते.

तेलाचीही बात ध्यानात ठेवावी. साध्या गोळ्यात नेहमीचे ९० नंबरचे गिअर ऑइल चालते. प्लेटांच्या एलएसडीला त्यासाठीचेच खास मिश्रणाचे तेल लागते. चुकीचे तेल पडले तर वळणावर मागून कटकट आवाज येतो आणि प्लेटा लवकर जातात. तसेच दोन्ही मागची टायरे एका मापाची आणि सारख्याच झिजेची असावीत. एक नवे आणि एक गोटा झालेले, अशी जोडी घातली तर सरळ रस्त्यावरही चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि प्लेटा रात्रंदिवस घासत राहतात.

जॅक लावताना जीव सांभाळा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. जुन्या विलीस नमुन्याच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरपेटीमागच्या फिरत्या दांड्यावर असतो. हँडब्रेक ओढून मागचे एक चाक जॅकवर उचलले, की डिफरन्शियल आपले काम करते : जमिनीवरचे चाक एकीकडे फिरते, उचललेले दुसरीकडे, आणि दांडा जागेवरच राहतो. म्हणजे ब्रेक लागलेला असूनही गाडी घरंगळते आणि जॅकवरून पडते. म्हणून उतारावर चाक बदलू नये, राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावे आणि गाडीखाली डोके घालू नये.

एलएसडीच्या गाडीत धोका उलटा आहे. एक चाक उचलून, इंजिन चालू करून गिअर टाकला तर जमिनीवरच्या चाकालाही ताकद मिळते आणि गाडी जॅकवरून उडी घेते. चाकाचा आवाज किंवा ब्रेक तपासायच्या निमित्ताने असे करणारे पुष्कळ आहेत. पोरांना तर तेव्हा गाडीजवळही फिरकू देऊ नये.

बसवावे की न बसवावे?

साध्या जीपमध्ये नवे एलएसडी बसविण्याची इच्छा अनेकांना होते. त्यांनी आधी टायरांकडे पाहावे. गोटा टायरांवर कोणतेही डिफरन्शियल चमत्कार करीत नाही. ज्याला वर्षातून चार दिवस चिखल लागतो, त्याला चांगली नक्षी असलेली टायरे, दोन फळ्या, चार पोती आणि एक भक्कम दोर एवढे पुरते. डोंगरातल्या वस्तीला रोज जाणाऱ्याला मात्र एलएसडी उपयोगी पडते.

त्याचे तोटेही जाणून घ्यावेत. पावसाळी घाटात ओल्या डांबरावर जोरात ॲक्सिलेटर दिला, तर साध्या गाडीचे एक चाक घसरते आणि दुसरे गाडीला सावरून धरते. एलएसडीत दोन्ही चाके एकदम सुटू शकतात आणि आखूड जीपची शेपूट फिरते. बांधाच्या आडव्या उतारावरही मागची बाजू खाली सरकते. तेव्हा अशा गाडीत पाय हलका हवा.

कायदाही पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये यावर बोट ठेवले. गादी शिवणे किंवा गंजलेला पत्रा मूळ घडणीप्रमाणे बदलणे ही दुरुस्ती झाली. सांगाडा, इंजिन किंवा आसाची रचना बदलण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करणे शहाणपणाचे. नाही तर अपघातानंतर भरपाई मागायला गेल्यावर कागद आडवे येतात.

शेतकरी बंधु-भगिनींनो, आपण मृगापूर्वी बियाणे निवडतो, औजारांना धार लावतो, छपराची कौले फिरवतो. त्याच आठवड्यात एक दिवस गाडीला द्यावा. घरातल्या सर्वांनी मिळून मॅट उचलावे, पत्रा टोचून पाहावा, बोल्ट आवळावे, फ्यूज पाहावेत. गोळ्यातले तेल तपासावे, हब मोकळे फिरतात का ते बघावे, दोन्ही टायरे शेजारी उभी करून मापावी. जी व्यक्ती गाडी चालवते तिने, मग तो मुलगा असो की सून, फोर व्हील आणि लॉक कोरड्या रानात एकदा लावून-काढून पाहावे. अंधाऱ्या रात्री, भर पावसात, मागे आजारी माणूस झोपलेला असताना ते शिकायला वेळ नसतो. रेक्झिनचा रंग कोणता घ्यावा, हा वाद त्यानंतर खुशाल घालावा.